दानापूरचा पादरी आणि त्याचे मुन्शी

मिशनरी म्हटले की आपल्याकडे दोन चित्रे उभी राहतात. एक दवाखाना-शाळा काढणाऱ्या सेवाभावी गोऱ्या माणसाचे आणि दुसरे भोळ्याभाबड्यांना फूस लावून धर्म बदलायला लावणाऱ्या धूर्त माणसाचे. मुसलमान घरांत आणखी एक चित्र असते, ते मुनाझऱ्याचे. समोर पादरी, इकडे मौलवी, मध्ये गर्दी आणि शेवटी आपल्या मौलवींचा विजय. या तिन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे. परक्या देशात नुकताच उतरलेला, भाषा न येणारा, गोंधळलेला तरुण मुलगा त्यात कुठेच दिसत नाही. मिशनरी जणू तयार होऊनच जहाजातून उतरतो.

हेन्री मार्टिन या इंग्रज तरुणाची भारतातली सुरुवातीची वर्षे मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. तो आला होता मुसलमानांना आणि हिंदूंना ख्रिस्ती करायला, आणि हे त्याने कधी लपवले नाही. त्याच्या हातून झालेले सर्वांत टिकाऊ काम मात्र मुसलमान मुन्शींच्या मांडीला मांडी लावून झाले. हे मुन्शी कोण होते, त्यांनी त्याला का शिकवले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हा या लेखाचा विषय आहे.

कॉर्नवॉलचा गणिती

मार्टिनचा जन्म १७८१ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावी झाला. वडील खाणीच्या व्यवसायाशी संबंधित कचेरीत काम करत. मुलगा हुशार निघाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकताना १८०१ साली, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, तो गणिताच्या परीक्षेत संपूर्ण विद्यापीठात पहिला आला. त्या काळी हा मान मिळालेल्या माणसाला वकिली, प्राध्यापकी, चर्चमधली मोठी जागा, सगळी दारे उघडी असत.

पण वडिलांच्या मृत्यूनंतर त्याचे मन धर्माकडे वळले होते. केंब्रिजमध्ये चार्ल्स सिमियन नावाचे प्रभावी धर्मोपदेशक होते. त्यांच्या सहवासात मार्टिनने चर्चची दीक्षा घेतली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये काम करून तरुणपणीच वारलेल्या डेव्हिड ब्रेनर्डचे चरित्र त्याने वाचले. बंगालमध्ये विल्यम कॅरी करत असलेल्या कामाच्या हकिगती त्याच्या कानावर आल्या. आपणही जायचे, असे त्याने ठरवले.

इथे एक अडचण आली. घरचा पैसा बुडाला आणि धाकट्या बहिणीची जबाबदारी त्याच्यावर होती. मिशनरी म्हणून गेला तर पगार तुटपुंजा. शिवाय ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना उतरूच देत नसे. व्यापार आणि राज्य नीट चालायचे तर लोकांच्या धर्माला हात लावू नये, असे कंपनीचे साधे गणित होते. १८१३ च्या सनदेपर्यंत हेच धोरण राहिले. म्हणूनच कॅरी आणि त्याचे सहकारी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, म्हणजे डेन्मार्कच्या ताब्यातल्या वसाहतीत राहत होते. मार्टिनला मार्ग सापडला तो कंपनीच्या नोकरीचा. कंपनीच्या गोऱ्या फौजेसाठी पादरी लागत, त्यांना चांगला पगार असे. मार्टिन कंपनीचा पादरी झाला. मनात मिशनरी आणि कागदावर कंपनीचा नोकर, अशी त्याची अवस्था झाली. तो पुढे कुठेही गेला तरी हा पेच त्याच्या बरोबरच होता.

निघण्याआधी आणखी एक धागा तुटला. कॉर्नवॉलमधल्या लिडिया ग्रेनफेल या तरुणीवर त्याचे प्रेम होते. ती त्याच्याहून वयाने काही वर्षे मोठी होती. लग्न करून तिने बरोबर यावे अशी त्याची इच्छा होती, पण काहीच ठरले नाही. १८०५ च्या उन्हाळ्यात तो एकटाच जहाजावर चढला.

केपच्या किनाऱ्यावर

जहाज एकटे नव्हते. मोठा काफिला होता, त्यात फौज होती, आणि ती फौज निघाली होती दक्षिण आफ्रिकेतले केप डच लोकांकडून हिसकावून घ्यायला. मार्टिन जहाजावर प्रवचने देई. अधिकारी आणि प्रवासी त्याची टर उडवत. पाप आणि नरक यांबद्दल तो इतक्या कडकपणे बोले की लोक उठून जात. मिळेल त्या वेळात तो हिंदुस्तानीचा अभ्यास करत असे.

जानेवारी १८०६ मध्ये केपजवळ लढाई झाली आणि इंग्रज जिंकले. मार्टिन किनाऱ्यावर उतरून रणांगणात जखमींमध्ये फिरला. एका दारू प्यायलेल्या इंग्रज शिपायाने त्याला फ्रेंच समजून त्याच्यावर बंदूक रोखली. आपण इंग्रज पादरी आहोत असे ओरडून सांगितल्यावर तो वाचला. संध्याकाळी विजयाच्या तोफा वाजल्या, पण त्याला आनंद झाला नाही. ज्यांची माणसे आपल्या लोकांनी मारली त्यांच्या घरी जाऊन रडणे आपल्याला अधिक जवळचे वाटेल, तुडवणाऱ्यांत असण्यापेक्षा तुडवले जाणाऱ्यांत असणे बरे, अशा आशयाचे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले.

हे वाचताना मनात प्रश्न येतो. एवढे ज्याला दिसत होते, तो त्याच फौजेच्या जहाजातून, त्याच कंपनीच्या पगारावर पुढे हिंदुस्तानात का गेला? त्याचे उत्तर त्याच्याकडे होते: इंग्लंडने जगात सैन्य पाठवताना धर्माचे सेवकही पाठवावेत, अशी त्याची प्रार्थना होती. पण आपण ज्यांच्यामध्ये जाणार त्यांना हा फरक दिसेल का, याचा विचार त्याने तेव्हा केला असावा असे वाटत नाही. तो विचार त्याला दानापूरला करावा लागला.

देवळात राहणारा पादरी

मे १८०६ मध्ये तो कलकत्त्याला पोहोचला. ऐन उन्हाळा होता. थोड्याच दिवसांत तापाने त्याला गाठले. कंपनीचे ज्येष्ठ पादरी डेव्हिड ब्राऊन यांनी त्याला श्रीरामपूरजवळच्या आपल्या बंगल्यावर नेले. बंगल्याच्या आवारात हुगळीच्या काठी एक जुने, पूजा बंद पडलेले देऊळ होते. तेच मार्टिनला राहायला आणि अभ्यासाला दिले गेले. मूर्तिपूजा संपवायला आलेला तरुण देवळाच्या गाभाऱ्यात बसून प्रार्थना करू लागला. आजूबाजूच्या वस्तीतून शंख-नगाऱ्यांचे आवाज येत आणि तो अक्षरशः शहारत असे. या दिवसांतल्या त्याच्या नोंदींत इथल्या लोकांबद्दल करुणा आहे, पण समज फारशी नाही. जे दिसते ते सगळे अंधार, अशीच त्याची दृष्टी आहे.

शेजारी श्रीरामपूरला कॅरी होता. आपल्या मराठी वाचकांना हे नाव परके नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापून आले, पुढे १८१० मध्ये मराठी कोश आला. ही मराठी कॅरीला शिकवली वैजनाथ पंडितांनी. कॅरीचे नाव आपल्या मुद्रणाच्या इतिहासात पहिल्या पानावर येते, वैजनाथ पंडितांचे नाव मात्र अभ्यासकांनाच ठाऊक असते. मार्टिनच्या बाबतीत पुढे हेच घडणार होते.

कलकत्त्यातल्या गोऱ्या समाजाला मार्टिन मानवला नाही. त्याची प्रवचने ऐकून तिथल्या इतर पादऱ्यांनीच व्यासपीठावरून त्याच्या विरोधात प्रवचने दिली. मित्रांना मात्र त्याने कलकत्त्यातच राहावे असे वाटत होते. मोठे चर्च, शिकलेले श्रोते, बरी हवा. त्याने नकार दिला. इंग्रजांना इंग्रजीत उपदेश करायला आपण एवढ्या लांब आलेलो नाही, असे त्याचे म्हणणे होते.

याच महिन्यांत, जुलै १८०६ मध्ये, दक्षिणेत वेल्लोरच्या किल्ल्यात देशी शिपायांचे बंड झाले. नवी पगडी, कपाळावरची गंधे आणि दाढी यांविषयीच्या हुकुमांनी शिपाई बिथरले होते. आपल्याला ख्रिस्ती करणार, ही भीती त्यामागे होती. कंपनी हादरली आणि श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या हालचालींवर बंधने आली. म्हणजे मार्टिन ज्या हिंदुस्तानात कामाला लागणार होता, तिथले लोक पादऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील हे सांगायला नको.

पाटण्याच्या बाजारात

ऑक्टोबर १८०६ मध्ये तो बजरा नावाच्या मोठ्या नावेतून गंगेने वर निघाला. बरोबर मुन्शी होता. वाटेत तो भाषांतर करी, गावागावांत उतरून लोकांशी बोलायचा प्रयत्न करी. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पाटण्याजवळच्या दानापूरच्या छावणीत पोहोचला आणि पुढची जवळजवळ अडीच वर्षे तिथे राहिला.

दानापूरमध्ये त्याचा दिनक्रम ठरलेला होता. रविवारी सकाळी गोऱ्या पलटणीची प्रार्थना, दुपारी शिपायांबरोबर राहणाऱ्या देशी बायकांसाठी हिंदुस्तानीत प्रार्थना, मग इस्पितळात आजाऱ्यांना भेटणे, आणि संध्याकाळी मोजक्या श्रद्धाळू शिपायांबरोबर स्वतःच्या खोलीत बैठक. बाकीचे दिवस भाषेचे. हिंदुस्तानी, फारसी, अरबी आणि थोडी संस्कृत.

भाषेनेच त्याचा पहिला गर्व उतरवला. केंब्रिजात पहिला आलेला हा माणूस पंडिताला विचारतो तेव्हा पंडित सांगतो, साहेब, इथे दर चार मैलांवर बोली बदलते. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात, तेच. मुन्शीला वाटे, भाषांतरात उंची फारसी शब्द हवेत. पंडिताला वाटे, संस्कृत शब्द हवेत. आणि बाजारात मार्टिन जे बोले ते दोन्हींपैकी कुणालाच कळत नसे. हिंदी-उर्दूचा जो तंटा पुढे शंभर वर्षे गाजला, त्याची ठिणगी दानापूरच्या या खोलीत दिसते.

दुसरा धडा अधिक कठीण होता. पाटणा, म्हणजे जुने अझीमाबाद, हे दाट वस्तीचे, रोज बाजार भरलेले शहर. अशा कामात गुंतलेल्या गर्दीला मध्येच थांबवून परलोकाबद्दल बोलायचे, तेही नीट भाषा येत नसताना, याची त्याला भीती वाटे. आपली टिंगल होईल आणि कुणाचे भलेही होणार नाही, आणि हे आपल्या अहंकाराला सोसत नाही, असे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. लोकांच्या डोळ्यांत त्याला उघड नाराजी आणि तिरस्कार दिसे. त्याचे कारणही त्याला कळले. इथे समोर येणारा प्रत्येक माणूस मला शत्रू मानतो, कारण मी इंग्रज आहे, असे त्याच्या लक्षात आले. अन्यायाने घुसलेला माणूस म्हणून आपल्याकडे कुणी पाहत नाही एवढ्यासाठीच इंग्लंड त्याला स्वर्गासारखे वाटू लागले.

धर्माचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला आपल्या अंगावरच्या सत्तेचा वास असा आला. आपण काय बोलतो हे लोकांच्या कानांपर्यंत पोहोचण्याआधी आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे पोहोचलेले असते. दानापूरमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने शाळा काढल्या. पाटण्यात लगेच हूल उठली की साहेब मुलांना ख्रिस्ती करणार. मुले घरी बसली. हळूहळू काही परतली. पण संशय गेला नाही, आणि तो जाण्याचे काही कारणही नव्हते. वाचनासाठी दिलेल्या मजकुरात बायबलमधल्या बोधकथा होत्याच.

याच काळात घरून येणाऱ्या पत्रांनी त्याला घायाळ केले. मोठी बहीण वारल्याची बातमी आली. जुलै १८०६ मध्ये त्याने लिडियाला पत्र लिहून लग्न करून हिंदुस्तानात यायची विनंती केली होती. उत्तर यायला सव्वा वर्ष लागले. ऑक्टोबर १८०७ मध्ये नकार हाती आला. शरीरात क्षयाची लक्षणे दिसू लागली होती. मार्टिन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

मुन्शी

आता मुन्शींकडे वळू. मार्टिनच्या टिपणांत ते सतत आहेत, पण बहुतेक वेळा नावाशिवाय. भाषांतर चालू असे, एखाद्या वाक्यावर मुन्शी थांबे आणि वाद सुरू होई. अल्लाहला पुत्र कसा असेल? तीन आणि एक यांचा मेळ कसा बसेल? पैगंबर ईसांवर आमचाही विश्वास आहे, मग तुम्ही त्यांना देव का करता? हे प्रश्न मुसलमान माणूस पिढ्यान्‌पिढ्या विचारत आला आहे. मार्टिन सुरुवातीला त्वेषाने उत्तर देई. काही महिन्यांतच त्याने लिहून ठेवले की स्पष्ट युक्तिवादावर आपला फारसा भरवसा राहिलेला नाही, माणसाचे मन क्वचितच तसे बदलते.

वाद झाला की काय होत असे? पुन्हा काम सुरू होई. मुन्शी त्याच्या चुका दुरुस्त करी. ज्या पुस्तकातला मुख्य दावा आपल्याला मान्य नाही, त्याचे भाषांतर अधिक नेमके कसे होईल यासाठी तो शब्द सुचवी. बनारसचे मिर्झा फित्रत हे या मंडळींतले सर्वांत महत्त्वाचे. हिंदुस्तानीवर त्यांचे प्रभुत्व होते. या भाषांतराचा सारा शब्दसाठा मुसलमानी परंपरेतून आलेला होता. 'इंजील' हा शब्द घ्या, तो आपल्याला कुरआनातून माहीत आहे. मार्टिनला ग्रीक उत्तम येत होते, पण त्या ग्रीकला हिंदुस्तानी जीभ दिली ती मुन्शींनी.

यावर आपल्यातला कुणी म्हणेल की मुन्शींनी पैशासाठी हे केले. केले असेल. मोगल दरबार आणि नवाबांच्या कचेऱ्या ओस पडत होत्या आणि फारसी जाणणाऱ्या हजारो शिकलेल्या माणसांना पोट होते. कंपनीच्या साहेबांना भाषा शिकवणे हा त्यांचा रोजगार होता. पण रोजगार एवढेच कारण असते तर त्यांनी गप्प बसून पगार घेतला असता, साहेबाशी वाद घातला नसता. त्यांनी दोन्ही केले. ज्ञान मागणाऱ्याला ते खोट न मिसळता दिले आणि श्रद्धेच्या बाबतीत तडजोड केली नाही. उस्तादाचा अदब म्हणजे दुसरे काय असते?

दानापूरला १८०७ च्या अखेरीस आणखी एक माणूस आला. साबात नावाचा अरब, जो इस्लाम सोडून ख्रिस्ती झाला होता. अरबी-फारसी भाषांतरासाठी त्याला पाठवले होते. हा तापट, मानी आणि भांडकुदळ होता. मार्टिनला त्याने जेरीस आणले. त्याने केलेले फारसी भाषांतर अरबी शब्दांनी इतके जड झाले की ते टाकून द्यावे लागले. पुढे साबात परत इस्लाममध्ये आला आणि त्याने ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तकही लिहिले. धर्मांतर केलेला साबात मार्टिनला जन्मभराची डोकेदुखी ठरला आणि धर्म न सोडलेले मिर्झा फित्रत त्याच्या कामाचा आधार. मुनाझऱ्याच्या गोष्टींत अशी माणसे बसत नाहीत.

१८०९ मध्ये मार्टिनची बदली कानपूरला झाली. तिथे रविवारी त्याच्या बंगल्याच्या आवारात शेकडो फकीर आणि भिकारी जमत. तो त्यांना भिक्षा देई आणि हिंदुस्तानीत उपदेश करी. शेजारच्या बागेतून काही तरुण मुसलमान हा प्रकार गंमत म्हणून पाहत. त्यांच्यातल्या शेख सालेह यांच्यावर त्या बोलण्याचा परिणाम झाला. मार्टिन भारत सोडून गेल्यावर १८११ मध्ये कलकत्त्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते अब्दुल मसीह नावाने ओळखले जाऊ लागले. मुसलमान वाचकाला ही ओळ टोचेल. पण ती गाळून लिहिलेला इतिहास प्रामाणिक होणार नाही. साबात परत आला हे सांगायचे असेल तर शेख सालेह गेले हेही सांगावे लागते.

शिराझ: सत्तेविना

फारसी भाषांतर खऱ्या फारसी माणसांमध्ये बसून दुरुस्त करावे म्हणून मार्टिनने इराणला जायचे ठरवले. १८११ च्या जानेवारीत तो कलकत्त्याहून जहाजाने निघाला. त्याच जहाजावर पुण्याचे रेसिडेंट म्हणून निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. त्यांना हा पादरी मोठा विद्वान आणि तितकाच हसतमुख सोबती वाटला. केंब्रिजहून निघालेला तो कडक तरुण आणि हा माणूस, यांत पाच वर्षांचे आणि अनेक मुन्शींचे अंतर होते. वाटेत मार्टिन गोव्यात उतरला. मुंबईत तो काही आठवडे राहिला आणि पारशी विद्वान मुल्ला फिरोज यांना भेटला.

जून १८११ मध्ये तो शिराझला पोहोचला. इथे कंपनीचे राज्य नव्हते. गोरी पलटण नव्हती. त्याने इराणी पोशाख घातला, दाढी वाढवली. जाफर अली खान यांनी त्याला आपल्या घरी पाहुणा म्हणून ठेवून घेतले. त्यांचे मेहुणे मिर्झा सय्यद अली रोज त्याच्याबरोबर भाषांतराला बसत. उन्हाळ्यात शहराबाहेरच्या बागेत, वाहत्या पाण्याशेजारी हे काम चाले. शहरातले मुल्ला, सूफी, तरुण विद्यार्थी येऊन त्याच्याशी वाद घालत. ज्येष्ठ आलिम मिर्झा इब्राहिम यांनी इस्लामच्या बाजूने अरबीत एक रिसाला लिहिला. संयत, विद्वत्तापूर्ण, समोरच्याचा अपमान न करणारा. मार्टिनने फारसीत उत्तर लिहिले. ही सगळी देवाणघेवाण पुढे १८२४ मध्ये केंब्रिजमध्ये छापली गेली, दोन्ही बाजूंसह.

सगळेच गोड होते असे नाही. १८१२ च्या उन्हाळ्यात शाहाला भाषांतर अर्पण करायला तो छावणीवर गेला, तेव्हा वजिराच्या बैठकीत त्याला घेरून जाब विचारला गेला, धमक्याही मिळाल्या. शाहाची भेट झाली नाही. पण तो सुखरूप बाहेर पडला. पुढे इंग्रज वकील गोर औसली यांनी ते भाषांतर फतह अली शाह यांना दिले आणि शाहाने त्याची प्रशंसा करणारे पत्र लिहिले. १८१५ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला छापले गेले. मार्टिनने ते पाहिले नाही. घरी परतताना १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातल्या तोकात गावी तो वारला. वय एकतीस.

दानापूर आणि शिराझ शेजारी ठेवून पाहिले तर काय दिसते? दानापूरमध्ये त्याच्या मागे फौज होती आणि लोक त्याच्याशी मनातले बोलत नव्हते. नजरेने द्वेष करत आणि मुले शाळेतून काढून घेत. शिराझमध्ये त्याच्या मागे कुणी नव्हते, आणि लोक घरी बोलावून, जेवू घालून त्याच्याशी वाद घालत. माणूस तोच, निरोप तोच. बदलली ती समोरच्याची भीती. सत्ता बाजूला झाली आणि संवाद सुरू झाला.

नंतरच्या काळाने हेच उलट्या बाजूने दाखवले. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पादरी फँडर यांचा प्रसिद्ध मुनाझरा झाला. त्यात मौलानांची बाजू वरचढ ठरली हे आपण अभिमानाने सांगतो. पण अवघ्या तीन वर्षांनी, १८५७ नंतर, त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यांना मक्केला निघून जावे लागले. सभेत जिंकलेला माणूस देशातून परागंदा झाला. सत्ता एका बाजूला असली की वादातल्या विजयाला काय किंमत उरते, ते यातून कळते.

कुरआनात सूरह नहलमध्ये लोकांना शहाणपणाने आणि चांगल्या उपदेशाने बोलवावे, वाद घालायचाच तर उत्तम रीतीने घालावा, अशी शिकवण आहे. ती आपण इतरांना ऐकवतो. ती आपल्यालाही लागू आहे. आपल्या दाईंनी जिथे मुसलमान बहुसंख्य आणि सत्तेवर आहेत तिथल्या अल्पसंख्याकांशी बोलताना स्वतःला विचारावे, समोरचा माणूस पटले म्हणून मान डोलावतोय की भीतीने? आणि इथे, महाराष्ट्रात, आज ज्यांच्या हाती जोर आहे त्यांनीही धर्मांतराच्या नावाने कुणाला दरडावण्याआधी हाच प्रश्न विचारावा. भीतीने थांबवलेले धर्मांतर आणि भीतीने घडवलेले धर्मांतर, दोन्हींत माणसाचे मन कुणी विचारलेलेच नसते.

राहता राहिले मुन्शी. मार्टिनचा हिंदुस्तानी नवा करार १८१४ साली श्रीरामपूरला छापून आला. मुखपृष्ठावर मार्टिनचे नाव आहे. त्याखाली, मिर्झा फित्रत आणि इतर देशी विद्वान यांच्या साहाय्याने काळजीपूर्वक तपासले, अशी नोंद आहे. त्या काळात हेही थोडे नव्हते. पण "इतर देशी विद्वान" या तीन शब्दांत दानापूर आणि कानपूरचे किती मुन्शी मावले असतील! मार्टिनची स्मारके केंब्रिजपासून तोकातपर्यंत आहेत. आपल्या मदरशांत आणि उर्दूच्या वर्गांत निदान मिर्झा फित्रत हे नाव मुलांना सांगायला काय हरकत आहे? आपला धर्म न सोडता परक्याला भाषा देणारा उस्ताद म्हणून.